तिकीट की हेराल्ड? महिन्याचे २,००० रुपये आणि जुन्या गाडीचं स्वप्न

माझा भाचा चाकणला नोकरी करतो. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर एक चंदेरी मर्सिडीज आहे, दोन्ही दारं वर उघडलेली. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात लॉटरीची तिकिटं, सोडत होऊन गेलेलीसुद्धा जपून ठेवलेली. गणपतीत घरी आला तेव्हा त्यानंच विषय काढला. "मामा, महिन्याला दोनेक हजार जातात तिकिटांत. दुसरी चैन नाही माझी. ही गाडी कधीतरी दारात यावी एवढंच वाटतं."

"अरे, वाटू दे की. पण एकदा वहीत मांडून बघू," म्हटलं. आरती झाल्यावर बसलो ते रात्री दीडपर्यंत. त्या वहीतलं इथे नीट लिहून काढतो आहे, कारण त्याच्यासारखे अनेक जण मला भेटतात. गाडीचं वेड खरं असतं आणि हातात महिन्याला थोडीच रक्कम उरते. ती तिकिटात घालावी की साठवून एखादी साधी पण खरी जुनी गाडी घ्यावी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. एका बाजूला लॉटरी आणि मर्सिडीज ३०० एसएल. दुसऱ्या बाजूला पोस्टातली आवर्ती ठेव आणि आपल्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड.

स्वप्नातली गाडी

भाच्याच्या पडद्यावरची गाडी म्हणजे ३०० एसएल कूपे, म्हणजे बंद छताची, दोन दारांची. मर्सिडीजनं १९५२ साली हिची शर्यतीची आवृत्ती उतरवली, तिनं त्याच वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि मेक्सिकोतली कॅरेरा पानामेरिकानाही. मॅक्स हॉफमन हा अमेरिकेतला मर्सिडीजचा आयातदार. त्यानं कंपनीच्या मागे लागून तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती काढायला लावली. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. १९५७ पर्यंत १,४०० कूपे बनल्या, त्यातल्या फक्त २९ ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या.

दारं वर का उघडतात, हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, दिखाव्यासाठी. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा आहे. वजनाला हलका आणि ताकदीचा राहावा म्हणून ही जाळी दोन्ही बाजूंनी उंच घ्यावी लागली. नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नाही, म्हणून बिजागरी छतात गेली. दारं उघडली की कुरव पक्ष्यानं पंख पसरावेत तशी दिसतात, त्यावरूनच तिला गलविंग म्हणतात. आत शिरताना तो उंच उंबरा ओलांडावा लागतो, त्यासाठी स्टिअरिंगचं चाक खाली वळवायची सोय आहे. इंजिन सहा सिलिंडरचं, २,९९६ सीसीचं. बोनेट बुटकं राहावं म्हणून एका बाजूला कलतं बसवलेलं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची सोय रस्त्यावरच्या गाडीत त्या काळी नवलाची होती.

या फवारणीची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चावी बंद केली तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. म्हणून हिचं ऑइल दर १,००० मैलांनी, म्हणजे साधारण १,६०० किलोमीटरला बदलायचं असतं. मालकी म्हणजे ही असली कामं. ती कोण करणार, सुटे भाग कुठून येणार, हे स्वप्नात कधी दिसत नाही.

किंमत? चांगल्या अवस्थेतली पोलादी गलविंग आज साधारण १५ लाख डॉलरच्या आसपास जाते. ॲल्युमिनियमवाल्यांची गोष्टच वेगळी. लॉस एंजलिसमध्ये रूडी क्लाइन यांच्या भंगारवाड्यात वर्षानुवर्षं पडून असलेली १९५६ सालची एक ॲल्युमिनियम गलविंग ऑक्टोबर २०२४ मध्ये लिलावात निघाली. धुळीनं माखलेली, न चालणारी. ती ९३ लाख ५५ हजार डॉलरला गेली. हिची शर्यतीतली बहीण म्हणावी अशी ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे जगात दोनच आहेत. त्यातली एक मर्सिडीजनं मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. रुपयांत हजार कोटींच्या वर. ते आकडे बाजूला ठेवू आणि भाच्याच्या साध्या पोलादी गलविंगचंच धरू. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर सुमारे १३ कोटी.

तिकीट: तीन पोती तांदळातला एक दाणा

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. मटक्याला आळा बसावा आणि तोच पैसा सरकारी तिजोरीत यावा, असा हेतू होता. केरळनं आपल्या दीड-दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये लॉटरी खातं उघडलं. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला, तिकीट १ रुपया आणि पहिलं बक्षीस ५० हजार. आता केरळचं तिरुओणम बंपर, म्हणजे ओणम सणाची मोठी सोडत, देशात सर्वात जास्त चर्चेत असतं. तिकीट ५०० रुपये, पहिलं बक्षीस २५ कोटी. हिशेबाला मी तेच घेतलं, कारण गलविंगचं नाव काढावं एवढी रक्कम निदान तिथे दिसते.

गेल्या काही वर्षांत या बंपरची ७० लाखांच्या आसपास तिकिटं खपतात. म्हणजे एका तिकिटाला पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता ७० लाखांत एक. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. म्हणून त्या रात्री डब्यातला तांदूळ काढला. शंभर दाणे मोजून दागिन्यांच्या छोट्या काट्यावर ठेवले, दोन ग्रॅमच्या थोडे वर भरले. म्हणजे किलोला साधारण ४५ हजार दाणे. सत्तर लाख दाणे म्हणजे ५० किलोची तीन पोती आणि वर पाचेक किलो. त्यात एकच दाणा कुंकवानं रंगवलेला आहे, डोळे बांधून हात घालायचा आणि पहिल्याच वेळी नेमका तोच चिमटीत यायला हवा. भाच्यानं एक दाणा कुंकवात बुडवून काट्यावरच्या ढिगात टाकला आणि बराच वेळ बघत बसला.

"पण मी एकच तिकीट कुठे घेतो?" बरोबर. महिन्याला २,००० म्हणजे चार तिकिटं, १० वर्षांत ४८०. प्रत्येक तिकीट ओणम बंपरच्याच तोलाचं असं धरू. खरं तर असं बंपर वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे हा हिशेब तिकिटाच्या बाजूनं झुकवलेला आहे. तरी शक्यता येते १४,५८३ मध्ये एक. साडेचौदा हजार वस्तीचं एखादं गाव डोळ्यासमोर आणा. गावातल्या प्रत्येकानं, पाळण्यातल्या बाळापासून पारावरच्या आजोबांपर्यंत, १० वर्षं दर महिन्याला २,००० रुपये घातले. शेवटी एका घरी गुलाल उधळला. बाकी प्रत्येकाचे २ लाख ४० हजार गेले. मधली छोटी बक्षिसं काहींना लागतील, पण ती बहुधा पुढच्या तिकिटांतच जातात. भाच्याला आजवर दोनदा लागली होती, दोन्ही वेळा तेच झालं.

आणखी एक आकडा मला बोचतो. ७० लाख तिकिटांचे ५०० रुपयांप्रमाणे ३५० कोटी होतात. पहिलं बक्षीस २५ कोटींचं, म्हणजे त्याच्या फक्त ७ टक्के. तुमच्या ५०० रुपयांपैकी ३५-३६ रुपयेच त्या मोठ्या स्वप्नाच्या वाट्याला जातात. उरलेल्यात इतर बक्षिसं, विक्रेत्यांचं कमिशन, सरकारचा वाटा आणि लॉटरीवर लागणारा ४० टक्के जीएसटी.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. केरळची लॉटरी फक्त कागदी तिकिटावर आणि केरळातच विकली जाते. व्हॉट्सॲपवर तिकिटाचा फोटो पाठवून पैसे मागणारा माणूस फसवतो आहे, मग तो ओळखीतून आलेला का असेना.

समजा, लागलं

या भागात आम्हा दोघांचाही अंदाज चुकला, आणि निर्णय मुख्यतः इथेच झाला.

२५ कोटींतून आधी एजंटचं १० टक्के कमिशन जातं. राहिले साडेबावीस. त्यावर ३० टक्के कर कापूनच रक्कम मिळते. राहिले १५ कोटी ७५ लाख. बातम्यांत हाच आकडा येतो आणि लोक तोच लक्षात ठेवतात. पण एवढ्या उत्पन्नावर अधिभार लागतो, वर ४ टक्के उपकर. तो विवरणपत्र भरताना भरावा लागतो. कुठली करप्रणाली निवडली त्यावर थोडा फरक पडतो, पण शेवटी हाती १३ कोटींच्या आसपास राहतात.

१३ कोटी! भाचा खुर्चीतून उठलाच. गलविंगची किंमतही तीच. पण ती किंमत तिकडची आहे. गाडी इकडे आणायची तर वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि कर धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. एक गोष्ट मात्र सुधारली आहे. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्याच गाड्या व्हिंटेज म्हणून आणायची मुभा होती, आता ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते, त्यामुळे १९५५ ची गलविंग नियमात बसते. पण पैसे अर्धेच पुरतात.

त्याहून मोठा अडसर वेगळाच. परकीय चलनाच्या कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, २००० साली चालू खात्याच्या व्यवहारांचे नियम आले. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात पूर्ण मनाई असलेल्या व्यवहारांची यादी आहे. यादीतला पहिलाच व्यवहार: लॉटरीत जिंकलेल्या रकमेतून परदेशी पैसे पाठवणं. तिसऱ्या क्रमांकावर लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी परदेशी पैसे पाठवणं. म्हणजे बक्षिसाच्या पैशातून परदेशातल्या मालकाला गाडीची किंमत पाठवायची वाटच बंद. आणि पुण्यात बसून एखाद्या संकेतस्थळावरून अमेरिकेतल्या लॉटरीचं तिकीट घेणंही त्याच यादीत येतं.

भाचा म्हणाला, "म्हणजे लागलं तरी नाही?"

"लागलं तर पैसे मिळतील. फ्लॅट येईल, शेत येईल, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होईल. ही गाडी येणार नाही." देशातच कुणी आपली गलविंग विकायला काढली तर गोष्ट निराळी. पण अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्या कुटुंबातून सहसा बाहेर पडत नाहीत.

तिकिटाच्या बाजूनं एक खरी गोष्ट सांगायलाच हवी. तिकीट घेतल्यापासून सोडतीपर्यंतचे दिवस आनंदात जातात. गाडीचा रंग ठरतो, पहिली फेरी कुठे मारायची ते ठरतं. हा आनंद खोटा नाही, मी स्वतः तो घेतला आहे. वर्षातून एकदा, दिवाळीला एक तिकीट, यात मला काही वावगं दिसत नाही. महिन्याला एकाऐवजी चार तिकिटं घेतली म्हणून हा आनंद चौपट होत नाही. पैसे मात्र चौपटच जातात.

दुसरी बाजू: पोस्ट आणि हेराल्ड

पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव, सध्याचा दर ६.७ टक्के. महिन्याला २,००० भरले तर पाच वर्षांनी १ लाख ४२ हजारांच्या थोडे वर मिळतात. तीच आणखी पाच वर्षं चालू ठेवली आणि दर तोच राहिला, तर ३ लाख ४१ हजारांच्या वर. त्यात व्याज एक लाखाच्या घरात. व्याजावर आपापल्या टप्प्याप्रमाणे कर आहे, पण मुद्दल कुठे जात नाही. म्युच्युअल फंडाची एसआयपी केली आणि सरासरी १० टक्के सुटले तर १० वर्षांत चार लाखांच्या पुढे जाईल. सुटतीलच असं कुणी सांगू शकत नाही. गाडीचा पैसा नेमक्या वेळी हाती लागतो, म्हणून माझं मत पोस्टाच्या बाजूला आहे.

या पैशात गलविंग कधीच येणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मग हेराल्डच का? फियाट पद्मिनी घ्यायला सोपी, तिचे भाग गल्लीबोळात मिळतात आणि तिचे मिस्त्रीही अजून आहेत. ज्याला फक्त जुनी गाडी हवी आहे त्यानं डोळे झाकून फियाट घ्यावी. पण ज्याच्या डोक्यात दोन दारांची, बुटकी, जमिनीला चिकटून पळणारी गाडी आहे, त्याच्यासाठी हेराल्डमध्ये काहीतरी आहे.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली. तिची रेखा तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉट्टी यांची. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती १९६१ पासून बनवली, ९४८ सीसीचं इंजिन घालून. तिची चॅसीस, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आहे, बॉडी वरून बोल्टांनी बसवलेली. हीच चॅसीस आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर ही उघड्या छताची दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली, आणि ती १९८० पर्यंत चालली. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर आणि प्राध्यापक जी गाडी घेऊन हिंडायचे, तिच्या पोटात एका खऱ्या स्पोर्ट्स कारची हाडं होती.

आणि मागचा एक्सल! गलविंग आणि हेराल्ड, दोन्हींना मागे स्विंग एक्सल आहे. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलपाशी दोन अर्धे दांडे झुलतात, चाक त्यांच्याबरोबर कलतं. वळणात शिरून मध्येच घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागचं चाक आत दुमडू पाहतं आणि शेपूट सुटते. १३ कोटींच्या गलविंगचे चालक ज्या गोष्टीला जपून असतात, तीच गोष्ट माझ्या हेराल्डमध्ये वरंधा घाट उतरताना मी सीटखाली अनुभवली आहे. वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळणभर पाय हलका पण टेकलेला ठेवायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की गाडी फार गोड वळते. जागच्या जागी तर ती जेमतेम साडेसात मीटरच्या वर्तुळात फिरते. पेठेतल्या गल्लीत अजूनही आजची गाडी दोनदा मागेपुढे करते तिथे ही एका दमात वळून निघते.

माझी हेराल्ड चार वर्षांपूर्वी घेतली. पहिल्या दिवशी बोनेट उघडलं तो क्षण सांगतो. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या आणि वायपरच्या बाजूनं उचलून अख्खं तोंड पुढे उलटायचं. मडगार्ड, दिवे, जाळी, सगळं एकसंध उठतं आणि बंपरपुढे जाऊन उभं राहतं. मागे उरतं उघडं इंजिन, दोन चाकं आणि चॅसीस. तुम्ही पुढच्या टायरवर बसून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवू शकता. मी बसलो. गरम ऑइलचा वास, स्क्रू अर्धा आटा सोडला की इंजिनाच्या आवाजात पडणारा फरक, पुन्हा पाव आटा आत. पंधरा मिनिटांनी ती संथ, एका लयीत चालायला लागली. त्या दिवशी मला कळलं की लहानपणापासून मला जे हवं होतं ते नेमकं हेच होतं.

अडचणीही पुष्कळ आल्या, त्या लपवत नाही. पुढच्या चाकांच्या खाली ट्रनियन नावाचा पितळी सांधा असतो. त्यात ग्रीस भरायचं नसतं, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. मी ज्यांच्याकडे गाडी दिली त्या गॅरेजवाल्यांनी इतर गाड्यांसारखं ग्रीस ठासलं. आट्यांना वंगण पोचलं नाही, आतून झिजत गेलं. आठ महिन्यांनी सोसायटीच्या फाटकातून आत वळताना कडाक् आवाज झाला आणि उजवं चाक मडगार्डखाली आडवं पडलं. वेग माणसाच्या चालण्याएवढा होता म्हणून निभावलं. घाटात झालं असतं तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ते ऑइल मी स्वतः भरतो, आणि हेराल्ड घेणाऱ्या प्रत्येकाला सर्वात आधी हेच सांगतो.

सुट्या भागांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी धुंडाळायचा. काही रबरी भाग इंग्लंडहून मागवावे लागतात. स्पिटफायरमुळे ते तिकडे अजून बनतात, हा या गाडीचा फार मोठा फायदा आहे. गलविंगच्या मालकाला एका भागासाठी जेवढे मोजावे लागतात तेवढ्यात इथे अख्खं इंजिन खोलून बांधून होतं.

माझ्या पाहण्यात चालती, कागद ठीक असलेली हेराल्ड तीन-चार लाखांपासून मिळते. उभी राहून गंजलेली त्याच्या निम्म्यातही मिळते, पण पत्राकाम आणि रंग यांत वाचवलेले पैसे दुपटीनं जातात. भाच्यासारख्या पगारदारानं बंद पडलेली गाडी घेऊ नये, हे माझं ठाम मत.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चॅसीस नंबर गाडीवरच्या पाटीशी आणि ठोकलेल्या अक्षरांशी स्वतः जुळवून बघा. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, सोबत पर्यावरण कर. ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते: शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. ज्याला रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन यायचं आहे त्यानं जुनीच नोंदणी जिवंत ठेवावी.

परदेशात असाल तर

अमेरिकेत, न्यू जर्सीत किंवा बे एरियात असलेल्यांना फेमाची अडचण नाही, पण शक्यतेची आहे. पॉवरबॉल या तिथल्या मोठ्या लॉटरीचं तिकीट २ डॉलर, मोठं बक्षीस २९ कोटी २२ लाखांत एकाला. माझ्या काट्याप्रमाणे साडेसहा टन तांदूळ, म्हणजे ट्रकभर. दुसरं बक्षीस १० लाख डॉलरचं, त्याची शक्यता १ कोटी १६ लाख ८८ हजारांत एक. आणि कर गेल्यावर त्यात गलविंग बसत नाही.

ब्रिटनमधल्यांची परिस्थिती मला सर्वात चांगली वाटते. तिथल्या लोट्टोचं मोठं बक्षीस ४ कोटी ५० लाखांत एकाला, करमुक्त असलं तरी तिकिटाचे पैसे गेलेच. पण तिथे १९५६ पासून सरकारी प्रीमियम बाँड आहेत. त्यात व्याजाऐवजी दर महिन्याला सोडत होते आणि मुद्दल शाबूत राहतं, हवं तेव्हा काढता येतं. ज्याला सोडतीची हुरहूर हवीच आहे त्यानं तिथे पैसे ठेवावेत. आणि खरी स्पिटफायर तिथे काही हजार पौंडांत मिळते. ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही. हेवा वाटावा अशीच गोष्ट.

मग कुणी काय करावं

ज्याला पैसा हवा आहे आणि गाडी हे त्या पैशाचं एक रूप आहे, त्याच्यासाठी हेराल्ड निरुपयोगी आहे. तो तिच्यावर वैतागेल, विकून टाकेल. त्यानं वर्षाला एखादं तिकीट घ्यावं, बाकी एसआयपीत घालावं. ज्याला फक्त पाहण्यात आनंद आहे त्यानं मुंबईत हॉर्निमन सर्कलहून निघणारी व्हिंटेज गाड्यांची फेरी चुकवू नये. बोनेट उघडं असेल तर मालक बहुतेक वेळा हौसेनं सगळं दाखवतात.

ज्याचे हात शिवशिवतात त्यानं तिकिटं आज बंद करावीत. १० वर्षं थांबायचीही गरज नसते. माझ्या भाच्याकडे दिवाळीच्या बोनसचे थोडे साठलेले आहेत. पोस्टातली पाच वर्षांची ठेव त्यात धरली की पस्तिशीच्या आत त्याची गाडी उभी राहते. मधली पाच वर्षं वाया जात नाहीत. तेवढ्यात कार्ब्युरेटर खोलून साफ करायला शिकता येतं, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट लावायला शिकता येतं, चांगला मिस्त्री कोण आणि ग्रीस ठासणारा कोण हे कळतं. मी त्याला दर दुसऱ्या रविवारी माझ्याकडे बोलावलं आहे, जुने कपडे घालून.

ठेव त्यानं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उघडली. मोबाइलच्या पडद्यावर गलविंग अजून आहे, ती बदलायला मी सांगणारही नाही. येत्या रविवारी साताऱ्याजवळ १९६७ ची एक हेराल्ड बघायला जायचं ठरलं आहे. घ्यायची नाही, फक्त बघायला. बरोबर टॉर्च, पत्र्यात पुट्टी भरली आहे का ते तपासायला चुंबक, आणि चॅसीसच्या बाजूच्या पट्ट्यांचा गंज टोकरायला एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेतो आहे. गाडीखाली आधी तो शिरणार, असं त्यानं कालच फोनवर सांगितलं.